देवकाबाईंची सून दिवसा झोपते

सन २००४. संक्रांतीचा आदला दिवस. हिंगणघाटच्या बाजारात देवकाबाईंच्या बांगड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि नेमकी त्याच वेळी त्यांची सून मयुरी गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवता चढवता झोपली.

गिऱ्हाईक म्हणजे शाळेतल्या विमलाबाई. त्यांचा हात अडीचच्या मापाचा आणि हट्ट सव्वादोनच्या बांगड्यांचा. गल्ल्यावरून देवकाबाई म्हणाल्याही होत्या, "बाई, हाताचं माप देवानं देल्लं. माह्या दुकानात बदलून भेटत नाई." सगळ्या बायका हसल्या होत्या. विमलाबाईंनीही हसून डोळे मिटले आणि हात सैल सोडला. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी आली आणि तिथेच थांबली. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, तर समोर मयुरीची मान छातीवर लोंबत होती.

"अवं देवकाबाई, हे तं निजली!"

"रातच्याले गजेंद्र झोपू देत नसन," मागून कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला.

देवकाबाई उठल्या आणि त्यांनी सुनेच्या दंडाला चिमटा काढला. मयुरी दचकली, तिची मूठ आवळली आणि बांगडी वाढली. संक्रांतीच्या तोंडावर, सवाष्णीच्या हातातच. विमलाबाईंच्या अंगठ्यापाशी रक्ताचा बारीक थेंब आला. देवकाबाईंनी त्यावर हळद दाबली, मयुरीला आत पाठवलं आणि विमलाबाईंना स्वतः बांगड्या भरल्या, अडीचच्या. संध्याकाळपर्यंत कापूसबाजारापासून वणा नदीच्या घाटापर्यंत सगळ्यांना कळलं होतं, की देवकाबाईंची सून दिवसा झोपते.

हे देवकाबाईंच्या घरात व्हावं, याचीच लोकांना गंमत होती. नवरा गेल्यावर त्या डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन खेडोपाडी फिरल्या होत्या, आणि त्यातून हे दुकान उभं केलं होतं. त्यांना दिवसा आडवं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. तापात फणफणत असल्या तरी त्या भिंतीला टेकून बांगड्यांचे जुडगे बांधत. दिवसा पाठ टेकणारी बाई त्यांना आळशी वाटायची, आणि आळशी बाई घरात असणं म्हणजे दिव्यात तेल नसण्यासारखंच.

मयुरी मात्र आळशी नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा ही पोर पहाटे उठून सडा घालायची आणि हसायची तर अशी, की शेजारच्या किराणावाल्यालाही ऐकू जावं. वर्षभरातच काहीतरी बदललं. पोळी लाटता लाटता हात थांबू लागला. जेवताना घास हातातच राहू लागला. आणि दुसरी गोष्ट आणखी विचित्र होती. खूप हसू आलं की तिचे गुडघेच जायचे. दोरी कापलेल्या बाहुलीसारखी ती जागच्या जागी बसायची, कधी पडायची. मग कुणी कांदा फोडून नाकाशी धरायचं, तर कुणी चप्पल हुंगवायचं.

संक्रांतीच्या आधीच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, देवकाबाईंचे दीर रूपराव घरी आले होते. रूपराव कापसाचे दलाल. भावाच्या माघारी घराण्यात त्यांचा शब्द शेवटचा. माणूस कडक, पण नकला करण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. त्यांनी कापसाचं बोंड चोळून भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याची नक्कल केली आणि सारं घर पोट धरून हसलं. मयुरीही हसली. तिच्या कडेवर आठ महिन्यांची प्रेरणा होती.

पोर पडली ती बांगड्यांच्या खोक्यातून काढलेल्या पेंढ्याच्या ढिगावर, म्हणून वाचली. कपाळाला टेंगूळ आलं, एवढंच. पण त्या दिवसापासून मयुरीच्या हातात कुणी लेकरू दिलं नाही. पाजायला म्हणून मांडीवर ठेवायचं, तेही देवकाबाई शेजारी बसून. आणि त्या दिवसापासून मयुरी हसायचीच बंद झाली. गजेंद्र, तिचा नवरा, स्वभावानं थट्टेखोर. तोही घरात जपून बोलू लागला.

संक्रांतीच्या संध्याकाळी रूपराव तीळगूळ घ्यायला आले आणि उभ्यानंच म्हणाले, "वयनी, लोकं तोंडावर हसून राह्यले. या पोरीले मिरगी हाये, तिच्या बापानं लपवली. मी भावकी बसवतो. पोरीले बापाच्या घरी पोचवून देऊ. लेकरू आपलं, थे इथंच राहीन."

"भाऊजी, मिरगीसाठी डोक्याचा फोटो काहाडला ना नागपूरले. काहीच नाई निंगालं त्याच्यात."

"मंग काय हाये, थे कागदावर आणा. महिना देतो."

आत स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला होता, एवढं देवकाबाईंच्या लक्षात आलं.

गावातल्या डॉक्टरांनी वर्ध्याचा पत्ता दिला. नालवाडीच्या अलीकडे एका डॉक्टरीणबाईंनी दोन खोल्या घेऊन झोपेच्या तपासणीचं यंत्र मांडलं होतं. झोपेचीही तपासणी असते, हे देवकाबाईंना पहिल्यांदा कळलं.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. "आधी एक रात्र इथे झोपवू. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायांना वायरी लावू. रात्री झोप कशी येते, श्वास अडकतो का, पाय झटकले जातात का, ते यंत्र लिहून घेईल. मग दुसऱ्या दिवशी, दर दोन तासांनी, असं पाच वेळा, अंधाऱ्या खोलीत थोडा वेळ पडायला सांगू आणि पाहू, झोप लागते का. मध्ये चहा-कॉफी बंद."

देवकाबाईंनी ऐकलं ते सगळं बरोबर ऐकलं. अर्थ तेवढा स्वतःच्या घरचा लावला. दिवसा पाडून पाहणार, झोपते का! म्हणजे परीक्षाच ही. झोपली की नापास. वरून चहाही बंद, म्हणजे पेपर मुद्दाम अवघड काढलेला. यात सून जागी राहिली, तर कागदावर येईल की दिवसा झोपत नाही, आणि मग रूपरावांचं तोंड बंद.

त्यांनी तसं मयुरीला बजावलं. "काही झालं तरी डोळा लागू देऊ नको. तुह्या लेकराची शपथ हाये."

"लागतेच वो आत्या. माह्या हातात नाई राहात."

देवकाबाईंनी आपल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

यंत्र चालवणारा निकेश हा वर्ध्याचाच तरुण. हलक्या हाताचा. तेल लावू नका असं आधी सांगूनही मयुरी तेल चोपडून आली होती, तेव्हा त्यानं न कुरकुरता तिला केस धुवायला लावले. कपाळावर वायर चिकटवताना मात्र तो अडला आणि देवकाबाईंकडे वळला.

"मावशी, कुंकू पुसा लागन."

"पुसू नको रे बाबा. वायर बोटभर बाजूले सरकव. तुह्या यंत्राले काय कुंकवाचं वावडं हाये?"

निकेशनं आत जाऊन विचारलं, परत आला आणि हसून वायर सरकवली.

रात्र पार पडली. सकाळी पहिल्या वेळेला मयुरी अंधाऱ्या खोलीत पडली आणि जागी राहिली. देवकाबाई बाहेर बाकावर ताठ बसून होत्या. निकेशनं दार उघडून "नाई झोपल्या" असं सांगितलं, तेव्हा त्यांना गजेंद्र दहावी पास झाल्यावर वाटलं होतं तसं वाटलं. दुसऱ्या वेळेलाही तेच. पण या खेपेला डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. त्यांच्या हातात पिन होती.

"झोपेची लाट पडद्यावर दिसायला लागली, की लगेच दचकल्याची खूण. पुन्हा लाट, पुन्हा दचकणं. निकेश आत गेला तर मूठ मिटलेली, तळहाताची चाळण. ही पिन कुणी दिली?"

"मी देल्ली," देवकाबाई म्हणाल्या. लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटत नव्हतं. "पास व्हाले पायजे ना पोरगी."

डॉक्टरीणबाई रागावतील असं वाटलं होतं, तर शेजारी बाकावर बसल्या.

"आई, जागं राहायचीही एक तपासणी असते. ड्रायव्हर लोकांची करतात. ही ती नाही. हिच्यात झोपलं तरच कळतं. निरोगी माणूसही दिवसा अंधारात पडला तर झोपेल, पण वेळ लागेल. ही किती लवकर झोपते ते मला मोजायचंय. आणि झोपल्यावर काय होतं, तेही. तुम्हाआम्हाला झोप लागल्यावर स्वप्नापर्यंत पोचायला तासाच्या वर लागतो. मला शंका आहे, ही पडल्या पडल्या स्वप्नात जाते. तसं दिसलं, तर हिला काय झालंय ते मी ठामपणे लिहून देईन. पण तुम्ही तिला झोपूच दिलं नाही, तर मी काय लिहू?"

देवकाबाईंनी पिन परत घेतली आणि आपल्या बांगडीला अडकवली.

"बाई," त्या म्हणाल्या, "बांगडीले तडा हाये का नाई, थे डोळ्यानं नाई दिसत. आमी टिचकी मारून पाह्यतो. चांगली असन तं खणकन वाजते, तडा असन तं बद्द वाजते. तुमी टिचकी मारून राह्यल्या, अन् मी वरून बांगडी धरून बसली."

"अगदी बरोबर."

"मंग आता सोडतो."

दुपारी गजेंद्र डबा घेऊन आला. प्रेरणाला रूपरावांच्या घरी काकूकडे ठेवून आला होता. मयुरी खाटेवर बसलेली. डोक्यापासून गालांवर रंगीत वायरी उतरलेल्या. डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, "गुडघे कधी जातात?"

"हसली का जातात."

"मग हसवा."

गजेंद्र आईकडे बघू लागला. आईसमोर, परक्या बाईसमोर बायकोला हसवायचं, म्हणजे काय करायचं माणसानं! कान लाल झाले त्याचे.

"पाहून काय राह्यला?" देवकाबाई म्हणाल्या. "डॉक्टरनं सांगतलं तं कर."

गजेंद्रनं मयुरीकडे पाहिलं, वायरींकडे पाहिलं. "मुंडावळ्या तं मस्त बांधल्या बाप्पा यायनं," तो म्हणाला. "कोणासंगं लागून राह्यलं वं लगन? या निकेशसंगं का?"

निकेशच्या हातातली चिकटपट्टी खाली पडली. आणि दिवाळीपासून जे कुणी ऐकलं नव्हतं, ते हसू मयुरीच्या तोंडातून फुटलं. फुटलं आणि अर्ध्यातच तुटलं. जबडा सैल झाला, मान कलली, हात मांडीवरून घसरले. देवकाबाई सवयीनं पुढे धावल्या, पण डॉक्टरीणबाईंनी त्यांना हातानंच अडवलं. मयुरीच्या गुडघ्यावर लहान हातोडी मारून पाहिली. पाय हललाच नाही. थोड्या वेळानं मानेत जीव आला, हात उचलले गेले, आणि ती सावरून बसली.

"आत्ता मी काय केलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गुडघ्यावर मारलं. निकेशभाऊले म्हनलं, वेळ लिहून घे."

देवकाबाईंचा चेहरा उतरला. "तुले ऐकू येते?"

"येते ना आत्या. समदं ऐकू येते. दिसते बी. फक्त हात-पाय माहे नाई राहात."

"दर वक्ती?"

"दर वक्ती." मयुरीचा आवाज बारीक झाला. "दिवाळीच्या दिवशी लेकरू हातातून सरकून राह्यलं होतं, थे दिसत होतं मले. पकड, पकड म्हणून मनात वरडत होती. हात उचलत नव्हता. मंग तुमी चप्पल हुंगवली, काकाजी म्हनले का हे पोट्टी नाटकं करून राह्यली, थे बी ऐकलं."

गजेंद्र खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. देवकाबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. कांदा फोडणारे, चिमटे काढणारे, पिन देणारे ते हात.

डॉक्टरीणबाई हळू आवाजात सांगू लागल्या. स्वप्न पाहताना सगळ्यांचंच शरीर असं लुळं पडतं, नाहीतर माणसं झोपेत धावली असती. हिच्या मेंदूत झोप आणि जाग यांच्यातलं दार सैल झालंय. स्वप्नातला लुळेपणा जागेपणी आत शिरतो, बहुतेक वेळा हसण्याच्या मागोमाग. ही मिरगी नाही, नाटक नाही, बाहेरचं नाही. लग्नाआधी कुणी लपवलेलंही नाही.

तिसऱ्या वेळेची तयारी झाली. निकेशनं खिडकीवर जाड पडदा ओढला. देवकाबाई आत गेल्या, खाटेजवळ उभ्या राहिल्या. मयुरीनं उजवा तळहात आपोआप पुढे केला, पिन मागायला.

देवकाबाईंनी तो तळहात आपल्या दोन्ही हातांत धरला. बांगड्या भरताना धरतात तसा, बोटं जुळवून, हाडं मऊ करत. त्या तळहातावरची लाल टिंबं त्यांच्या बोटांना लागली.

"नीज, माय," त्या म्हणाल्या. "आता नीज. मी हाओ बाहेर. कोणी नाई उठवणार तुले."

सासरी आल्यापासून दिवसा "नीज" हा शब्द मयुरीला कुणी म्हटला नव्हता. तिनं एकदा सासूकडे पाहिलं आणि डोळे मिटले. देवकाबाई दार ओढून बाहेर बाकापाशी येईपर्यंत निकेशनं यंत्राच्या खोलीतून खूण केली होती, झोपल्या. थोड्याच वेळात त्यानं त्यांना यंत्राच्या पडद्यापाशी बोलावलं. दोन रेघा एकमेकींच्या उलट दिशांना झेपावत होत्या.

"हे डोये हायेत मावशी, मिटल्या पापणीखाली धावून राह्यले. सपन पाहून राह्यल्या. अन् हे हनुवटीची रेघ पाहा, एकदम सपाट."

"काय पाहत असन रे?"

"थे नाई दिसत यंत्रात."

उरलेल्या दोन्ही वेळांना तेच झालं. डॉक्टरीणबाईंनी कागद लिहून दिला, सकाळी एक गोळी, रात्री एक, आणि दुपारी ठरवून झोप. औषधासारखी, वेळेवर.

भावकी बसली ती देवकाबाईंच्याच ओसरीवर. रूपरावांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "इंग्रजीत हाये. काय म्हन्ते थे सांगा."

"थे म्हन्ते, पोरगी खरी हाये," देवकाबाई म्हणाल्या. "बाकी मी सांगतो. हिले हसू आलं का अंगातला जीव जाते. त्या दिवशी नक्कल कोणी केली भाऊजी?"

बसलेल्यांपैकी एकदोघे खोकले.

"तुमी केली. आमी समदे हसलो. हे बी हसली, म्हणून पडली. बापानं लपवलं काहीच नाई. हसणं हा गुन्हा असन, तं पयला गुन्हेगार तुमी, दुसरी मी. मले बी धाडा मंग माहेरी. तुमाले नकला करायच्या असन तं करा. कोणी नाई म्हनत नाई. फक्त तिले अगोदर खाली बसू द्या."

रूपरावांनी कागदाची घडी घालून ती देवकाबाईंच्या हातात दिली आणि चहा न घेताच निघाले. पण पोरीला पोचवायचा विषय पुन्हा त्यांच्या तोंडून निघाला नाही.

देवकाबाईंनी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, बांगड्यांच्या खोक्यांआड, एक खाट टाकली आणि पडदा लावला. दुपारी मयुरी आत जाऊन झोपायची. कुणी विचारलं, "सूनबाई कुठं हाये?" तर देवकाबाई भर दुकानात सांगायच्या, "औषध घेऊन राह्यली. हळू बोला." बायका खरंच हळू बोलायच्या. प्रेरणा मयुरीच्या मांडीवर परत आली. ती खाली बसलेली असली की लेकरू तिचं, असा नियम झाला. औषधानं झोप पुष्कळ आवरली. गुडघेही क्वचितच जायचे, पण जायचे.

पुढे डॉक्टरीणबाई नागपूरला गेल्या. निकेशनं अमरावतीला स्वतःची तपासणीची खोली काढली. लग्नाआधी नवरीला चुडा भरायला त्यानं मुद्दाम हिंगणघाटला आणलं, देवकाबाईंच्याच हातून. गजेंद्रनं दुकान मोठं केलं. विमलाबाई निवृत्त झाल्या, आणि शेवटपर्यंत सव्वादोनचंच माप मागत राहिल्या. प्रेरणा शाळेत जाऊ लागली.

२००९ च्या हिवाळ्यात देवकाबाई गेल्या. अखेरच्या आजारात, पहिल्यांदाच, त्या दिवसा पाठ टेकून पडल्या होत्या. मयुरी उशाशी बसून त्यांचे तळहात चोळायची.

तेराव्याची पंगत उठल्यावर घरची माणसं ओसरीवर बसली. रूपराव आता थकले होते, काठी घेऊन चालायचे. कुणीतरी देवकाबाईंच्या बोलण्याची आठवण काढली, तसा त्यांनी घसा खाकरला. हातानं डोक्यावर पदर ओढल्यासारखं केलं, मान ताठ केली, आणि त्यांच्या तोंडून हुबेहूब देवकाबाईंचा आवाज निघाला. "बाई, हाताचं माप देवानं…"

तिथेच ते थांबले. दारात मयुरी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"सूनबाई," ते आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अगोदर बस."

मयुरीनं तांब्या खाली ठेवला. भिंतीला पाठ टेकून बसली, पदर सावरला, हात मांडीवर ठेवले. सगळी ओसरी थांबली होती.

मग रूपरावांनी वाक्य पुरं केलं.